माहिती एकीकडून, वीज दुसरीकडून

संगणकाला जोडलेले एखादे यंत्र चालेनासे झाले की आपण दोनच निष्कर्ष काढतो. एक तर यंत्र बिघडले, नाही तर संगणक बिघडला. तिसरी शक्यता सहसा आपल्या मनात येत नाही. ती अशी, की यंत्र धडधाकट असते, संगणकही ठीक असतो, पण यंत्राच्या पोटाला पुरेसे मिळत नसते. उपाशी माणसाला आजारी समजून औषध पाजावे, तसा तो प्रकार होतो. यूएसबीच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडते, की त्यामागचे तत्त्व प्रत्येकाने एकदा समजून घ्यावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. विजेचे माझे शिक्षण शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकापुरतेच. पण हिशेब थोडाफार कळतो, आणि हा विषय बराचसा हिशेबाचाच आहे असे मला आढळून आले.

एक अनुभव

माझ्या मामांच्या दुकानातील तीन वर्षांची बिले आणि खाती एका खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलेली होती. मार्चअखेरीस जुना संगणक बंद पडला. नवा आणला, तो टेबलाखाली ठेवला, आणि डिस्कची केबल पुरेना म्हणून दीड मीटरची जोडकेबल लावली. डिस्कचा दिवा लागला, पण आतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. पडद्यावर डिस्कचे नाव क्षणभर दिसे आणि नाहीसे होई. एका जाणकाराने डिस्क गेली म्हणून सांगितले. दुसरा म्हणाला, फॉरमॅट करून पाहू. फॉरमॅट करणे म्हणजे कपाटाचे दार उघडत नाही म्हणून आतल्या वह्याच फाडून टाकण्यासारखे होते. पण मामा इतके कंटाळले होते, की ते होकार देणारच होते.

शेवटी पलीकडच्या गल्लीतला मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा आला. त्याने डिस्क कानाशी धरली, जोडकेबल बोटांनी चाचपून पाहिली, आणि म्हणाला, "करंट सालंगिल्रि, सावकार." म्हणजे करंट पुरत नाही हो. त्याने जोडकेबल काढून टाकली, स्वतःचा अडॅप्टर असलेला एक हब मध्ये लावला, आणि डिस्क शांतपणे फिरू लागली. तीन वर्षांचा हिशेब जागच्या जागी होता. त्या मुलाचे ते कन्नड वाक्य माझ्या डोक्यात राहिले, आणि करंट पुरत नाही म्हणजे नेमके काय होते याचा शोध मी घेऊ लागलो.

यजमान आणि पाहुणा

यूएसबी हे नाव आज घरोघर झाले आहे, पण त्याचा जन्म फार जुना नाही. त्याची पहिली नियमावली १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरचे भोक वेगळे, माऊसचे वेगळे, कीबोर्डचे वेगळे, मोडेमचे आणखी वेगळे अशी स्थिती होती. इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी मिळून सर्वांसाठी एकच जोडणी ठरवली. या कामात पुढाकार घेणारे इंटेलचे अभियंते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. मराठी माणसाचा बडोद्याशी जुना जिव्हाळा असल्याने ही गोष्ट वाचून मला विशेष आनंद झाला. भट्ट व त्यांच्या सहकाऱ्यांना २०१३ मध्ये युरोपियन इन्व्हेंटर ॲवॉर्ड मिळाले.

यूएसबीच्या व्यवहारात दोन पक्ष असतात. संगणक हा यजमान आणि त्याला जोडलेले उपकरण हा पाहुणा. संभाषण केव्हा करायचे हे यजमान ठरवतो. पाहुणा विचारल्याशिवाय बोलत नाही. जुन्या जोडण्यांपेक्षा यात मोठी सोय अशी झाली, की यजमान पाहुण्याला बोलावतो तसे जेवायलाही वाढतो. माऊसला वेगळा अडॅप्टर लागत नाही, कारण त्याच केबलमधून त्याला वीजही मिळते. बहुतेक वेळा एवढे पुरते. पण काही पाहुण्यांची भूक मोठी असते. त्यांनी स्वतःची शिदोरी आणावी, बोलणे मात्र यजमानाशीच करावे, हा आपल्या लेखाचा विषय.

केबलमधील चार तारा

साध्या यूएसबी केबलचे आवरण सोलले तर आत चार तारा दिसतात. सर्वसाधारणपणे तांबड्या तारेत ५ व्होल्टचा दाब असतो. काळी तार ही परतीची, म्हणजे शून्य व्होल्टची. हिरव्या आणि पांढऱ्या तारांतून माहिती जाते. तांबडी-काळी ही विजेची जोडी व हिरवी-पांढरी ही माहितीची जोडी, अशी वाटणी मुळातच केलेली आहे. ए जातीच्या चपट्या प्लगात नीट पाहिले तर चार पट्ट्यांपैकी बाहेरच्या दोन, म्हणजे विजेच्या, थोड्या लांब असतात. प्लग आत सरकवताना आधी वीज जोडली जाते व मागाहून माहिती. आधी पाणी, मग चौकशी, हा आपल्याकडचा शिष्टाचार त्या प्लगातही पाळलेला आहे.

ही वाटणी असल्यामुळेच वीज एका घरची आणि माहिती दुसऱ्या घरची असे करता येते. माहितीच्या तारांना विजेचे मोठे प्रवाह वाहून न्यावे लागत नाहीत. त्यांच्यावर केवळ दाबाचे छोटे चढउतार होतात. ते चढउतार ओळखू आले म्हणजे झाले.

मंजुरीचा अर्ज

उपकरणाला किती वीज मिळावी याचे नियम वाचताना मला आमच्या अर्थसंकल्पाच्या धड्याची आठवण झाली. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे नव्याने जोडलेल्या उपकरणाने सुरुवातीस १०० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह घ्यावयाचा नसतो. ही त्याची तात्पुरती उचल. मग यजमान त्याला त्याचे वर्णन विचारतो. त्या वर्णनात उपकरण आपली जास्तीत जास्त गरज नोंदवते, आणि आपण स्वतःच्या विजेवर चालतो की यजमानाच्या, हेही सांगते. गंमत म्हणजे ही गरज २ मिलिअँपिअरच्या मापाने नोंदवलेली असते. २५० असा आकडा असेल तर मागणी ५०० मिलिअँपिअरची समजायची. यजमानाला परवडत असेल तर तो मंजुरी देतो. मंजुरीची कमाल मर्यादा ५०० मिलिअँपिअर, म्हणजे ५ व्होल्टच्या हिशेबाने अडीच वॉट. २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट झाली.

आता स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबचा हिशेब पाहा. त्याला यजमानाकडून ५०० मिलिअँपिअर मिळाले. त्यातले १०० त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी. उरलेले ४०० त्याने चार दारांवर वाटले, तर प्रत्येकी १०० येतात. म्हणून असा हब चारांपेक्षा अधिक दारांचा नसावा आणि त्याने प्रत्येक दारावर १०० पेक्षा अधिक देऊ नये, असा नियम आहे. कीबोर्ड आणि माऊस यांना १०० पुरतात. हार्ड डिस्कला पुरत नाहीत. मिळकत वाढवल्यावाचून नुसते वाटेकरी वाढवले की काय होते, हे कोणत्याही एकत्र कुटुंबाला सांगावयास नको.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अर्ज करणे वेगळे आणि प्रत्यक्ष खर्च वेगळा. पुष्कळ संगणक प्रवाह काटेकोरपणे मोजत नाहीत. प्रवाह फारच वाढला तर तोडणारी एक सोय तेवढी त्यांत असते. त्यामुळे ५०० चा अर्ज करून ८०० खाणारे उपकरण एका संगणकावर चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही. हार्ड डिस्कची तबकडी स्थिर अवस्थेतून गती घेत असताना तिला सर्वांत अधिक प्रवाह लागतो. एकदा फिरू लागली की गरज कमी होते. मामांची डिस्क दिवा लावू शकत होती, पण तबकडीला गती देऊ शकत नव्हती. टक्-टक् हा तिच्या अपुऱ्या प्रयत्नांचा आवाज होता.

वाटेतील गळती

पण तीच डिस्क जुन्या संगणकावर चालत होती, मग नव्यावर का नाही? येथे केबलचा संबंध येतो. तांब्याच्या तारेलाही थोडा रोध असतो. स्वस्त केबलमध्ये वापरतात त्या २८ क्रमांकाच्या बारीक तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. जोडकेबल दीड मीटर आणि डिस्कची स्वतःची अर्धा मीटर, मिळून दोन मीटर झाले. पण प्रवाहाला जाऊन परत यावयाचे असते, म्हणून वाट चार मीटरची. चार गुणिले ०.२१ म्हणजे ०.८४ ओहम. डिस्कने १ अँपिअर मागितला तर ०.८४ व्होल्ट वाटेतच गळणार. संगणकापाशी ५ व्होल्ट असले तरी डिस्कपाशी ४.१६ च पोहोचणार. अशा डिस्कना साधारणपणे ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. म्हणजे येथेच सर्व उलगडा झाला.

हाच हिशेब २४ क्रमांकाच्या जाड तारेने केला तर दर मीटरला रोध सुमारे ०.०८४ ओहम, आणि अर्ध्या मीटरच्या केबलची जाण्यायेण्याची वाट एक मीटर. १ अँपिअरला गळती ०.०८४ व्होल्ट, म्हणजे नगण्य. तारेचा क्रमांक जितका लहान तितकी तार जाड, हे उलटे गणित लक्षात ठेवावे. पुष्कळ केबलांच्या आवरणावर हे क्रमांक बारीक अक्षरांत छापलेले असतात. मोठा क्रमांक बहुधा माहितीच्या तारांचा आणि लहान क्रमांक विजेच्या तारांचा असतो. केबल विकत घेताना रंगापेक्षा हे क्रमांक पाहावेत.

वेगळी वीज देण्याचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे उपकरणालाच स्वतःचा अडॅप्टर असणे. टेबलावर ठेवावयाच्या मोठ्या, साडेतीन इंची हार्ड डिस्कना ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात. ते यूएसबीच्या साध्या तारेत नसतातच, म्हणून तसल्या डिस्कबरोबर अडॅप्टर येतो. दुकानातील बिल छापणारा छोटा प्रिंटर हे आणखी चांगले उदाहरण. तो शाईने छापत नाही. विशिष्ट कागदाला उष्णता देऊन अक्षरे उमटवतो. उष्णता म्हणजे वीज, आणि तीही पुष्कळ. म्हणून त्याला बहुधा २४ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असतो आणि यूएसबीची केबल केवळ बिलाचा मजकूर नेते. आपण रोज किराणा आणताना जे बिल घेतो, ते या विभागणीचेच फळ होय.

दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. तो यजमानाकडून माहिती घेतो आणि वीज स्वतःच्या पेटीतून वाढतो. येथे अडॅप्टर पुरेसा मोठा हवा. चार दारांवर प्रत्येकी ५०० म्हणजे २०००, आणि हबचा स्वतःचा खर्च १०० धरला तर २१०० मिलिअँपिअर. म्हणून ५ व्होल्ट, निदान २.१ अँपिअरचा अडॅप्टर असावयास हवा. चार दारांच्या यूएसबी ३.० हबला याच हिशेबाने ३६०० व वर थोडे, म्हणजे ४ अँपिअरचा लागेल. दारे चार आणि अडॅप्टर १ अँपिअरचा, असे हबही बाजारात मिळतात. तेथे भांडवलापेक्षा वचने मोठी आहेत असे समजावे.

तिसरा मार्ग म्हणजे एका टोकाला दोन प्लग असलेली केबल. एक प्लग माहिती व वीज नेतो, दुसरा केवळ वीज आणतो. खिशातल्या डिस्कबरोबर अशी केबल पूर्वी सर्रास मिळत असे. ती उपयोगी पडते हे खरे, पण यूएसबीच्या नियमकर्त्यांनी ती निषिद्ध मानली आहे. असे का, हे पुढे येईल.

चौथा मार्ग हौशी लोकांचा. केबलमधील तांबडी तार यजमानाच्या बाजूने तोडावयाची आणि उपकरणाला ५ व्होल्ट दुसऱ्या पेटीतून द्यावयाचे. तत्त्व समजून घेण्यास हा प्रयोग उत्तम. पण ज्यावर आपला हिशेब किंवा प्रबंध साठवला आहे अशा वस्तूवर तो करू नये.

तीन पथ्ये

यांतील कोणताही मार्ग घेतला तरी तीन पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य : शून्य एकच असावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे असे आपण म्हणतो, तेव्हा मोजण्याचा आरंभ सर्वांना मान्य असतो. एकाने समुद्रापासून मोजले व दुसऱ्याने गावच्या तळ्यापासून, तर दोघांचे आकडे जुळणार नाहीत. व्होल्टचेही तसेच. माहितीच्या तारेवर ३ व्होल्ट आहेत असे उपकरण म्हणते, ते कोणाच्या शून्यापासून? यजमानाचे शून्य आणि वेगळ्या पेटीचे शून्य जोडलेले नसेल तर यजमानाला ते चढउतार ओळखता येणार नाहीत. म्हणून तांबडी तार वेगळी करता येते, काळी मात्र तोडता येत नाही. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक नावेला जमा असते, तशी प्रत्येक प्रवाहाला परतीची वाट असावीच लागते. उपकरणाचा मोठा प्रवाह त्याच्या स्वतःच्या पेटीकडे परततो, आणि केबलची काळी तार दोघांचे शून्य एक ठेवते.

दुसरे पथ्य : वीज उलटी वाहू देऊ नये. दोन पेट्यांचे ५ व्होल्ट तंतोतंत सारखे कधीच नसतात. समजा, वेगळ्या पेटीचे ५.१ आणि संगणकाचे ४.९ आहेत, आणि दोहोंच्या तांबड्या तारा एकत्र जोडल्या. फरक ०.२ व्होल्ट. मधल्या वाटेचा रोध ०.२ ओहम असेल तर १ अँपिअर प्रवाह एका पेटीतून दुसऱ्या पेटीत वाहू लागेल. उपकरणाला त्याचा काही उपयोग नाही. उलट पेट्याच तापणार. संगणक बंद असताना तर फरक पूर्ण ५ व्होल्टचा होतो. दोन प्लगांची केबल निषिद्ध ठरली ती याच भीतीने; तिच्यात दोन तांबड्या तारा आत एकत्र आलेल्या असतात. एकाच्या खात्यातील रक्कम दुसऱ्याच्या खात्यात परस्पर जाऊ नये, म्हणून जसे बँकेत बंधन असते, तसे चांगल्या हबमध्ये यजमानाची तांबडी तार व अडॅप्टरची तांबडी तार वेगळी ठेवलेली असते.

हे पथ्य आम्ही अनुभवाने शिकलो. मामांनी डिस्कसाठी पहिला हब घेतला तो सर्वांत स्वस्त. रात्री संगणक बंद केला तरी कीबोर्डचा दिवा जळतच होता. मामांना वाटले, नवा संगणक फारच गुणी आहे. वस्तुतः हबच्या अडॅप्टरची वीज मागच्या दाराने बंद संगणकात शिरत होती. हे तपासणे सोपे आहे. हबला अडॅप्टर लावावा, यजमानाकडे जाणारा प्लग मोकळा ठेवावा, आणि त्याच्या बाहेरच्या दोन पट्ट्यांमध्ये मल्टिमीटरने दाब पाहावा. तो जवळजवळ शून्य असावयास हवा. ५ व्होल्ट दिसले तर तो हब परत करावा. आम्ही तेच केले.

तिसरे पथ्य : यजमान जागा नसताना हजेरी लावू नये. उपकरण जोडले गेले हे यजमानाला कसे कळते? उपकरण माहितीच्या दोन तारांपैकी एक तार १.५ किलोओहमच्या रोधातून सुमारे ३.३ व्होल्टपर्यंत वर ओढते. तार वर गेली की यजमानाला आगमनाची वर्दी मिळते. कोणती तार ओढली यावरून पाहुणा धीम्या गतीचा की जलद, हेही कळते. यजमानाच्या विजेवर चालणाऱ्या उपकरणात काळजी नाही. यजमान बंद झाला की तेही बंद. पण स्वतःच्या विजेवर चालणारे उपकरण जागेच राहते आणि बंद घराचे दार वाजवीत बसते. प्रवाह अगदी थोडा असला, तरी त्याने यजमानाच्या आतील चिप धड चालू नाही, धड बंद नाही अशा अवस्थेत राहू शकते. म्हणून नियम असा, की स्वयंपूर्ण उपकरणानेही यजमानाच्या तांबड्या तारेवर ५ व्होल्ट आहेत का ते पाहत राहावे, आणि असतील तेव्हाच हजेरी लावावी. ती वीज घ्यावयाची नाही, फक्त पाहावयाची. चौथ्या मार्गातील धोका आता ध्यानात येईल. तांबडी तार तोडली म्हणजे यजमान जागा आहे की नाही, हे पाहण्याची खिडकीच बंद होते. काही उपकरणे अशा वेळी बोलतच नाहीत, आणि तो त्यांचा दोष नसतो.

स्वातंत्र्याची किंमत

येथवर वाचून वेगळी वीज ही सर्व रोगांवरील मात्रा आहे असे वाटेल. पण तसे नाही. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. लॅपटॉपच्या विजेवर चालणारी डिस्क, घरची वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर चालू राहते. तीच डिस्क अडॅप्टरवाल्या हबला लावली असेल तर वीज जाताच लॅपटॉप चालू आणि डिस्क बंद, अशी स्थिती होते. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर ते अर्धवट राहते, आणि अर्धवट खतावणी ही न केलेल्या खतावणीपेक्षा वाईट. म्हणून दुकानात हबचा अडॅप्टर संगणकाच्याच यूपीएसवर असावा. मामांच्या दुकानात आता तो तसा आहे. जोडताना आधी अडॅप्टर, मग उपकरण, शेवटी संगणक. काढताना आधी संगणकाला निरोप, मग माहितीची केबल, आणि सर्वांत शेवटी वीज, हा क्रम पाळावा.

याच्या उलटचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. काही स्वस्त केबलांत तांबडी व काळी अशा दोनच तारा असतात. त्यांनी मोबाईल चार्ज होतो, पण संगणकाला मोबाईल दिसत नाही. मित्र म्हणतो, मोबाईलचे भोक बिघडले. वस्तुतः केबलला बोलण्याची जीभच नसते. मात्र अनोळखी ठिकाणी मोबाईल चार्ज करावा लागला तर हीच मुकी केबल उपयोगी. वीज मिळते आणि आपली माहिती आपल्यापाशीच राहते.

दुकानापासून टाइप-सीपर्यंत

दुकानांतील यंत्रांची ही अडचण मोठ्या कंपन्यांच्याही ध्यानात आली होती. १९९८-९९ च्या सुमारास आयबीएम, एनसीआर आदी कंपन्यांनी पॉवर्ड यूएसबी नावाची जोडणी तयार केली. तिच्यात नेहमीच्या चार तारांशेजारी विजेच्या वेगळ्या तारा असतात, आणि प्लगही दुमजली. खाली माहितीचा, वर विजेचा. ५, १२ किंवा २४ व्होल्ट, आणि ६ अँपिअरपर्यंत प्रवाह. २४ गुणिले ६ म्हणजे १४४ वॉट. बिलाचा प्रिंटर आणि किमतीच्या रेघा वाचणारे यंत्र यांना त्यामुळे भिंतीवरचा वेगळा प्लग लागत नाही. केबल एकच, पण तिच्या आत वीज व माहिती यांचे संसार वेगळे.

पुढे २०१२ मध्ये पॉवर डिलिव्हरी नावाची नियमावली आली आणि २०१४ मध्ये टाइप-सी प्लग आला. या प्लगात विजेची बोलणी करण्यासाठी स्वतंत्र तार ठेवलेली आहे. आरंभीची १०० वॉटची मर्यादा २०२१ मध्ये २४० वॉटवर गेली. पण मला आकड्यांपेक्षा त्यातील एक तत्त्व अधिक महत्त्वाचे वाटते. माहितीच्या व्यवहारात यजमान कोण आणि विजेच्या व्यवहारात दाता कोण, हे दोन प्रश्न तेथे वेगळे मानले आहेत. लॅपटॉप पडद्याला चित्र पाठवतो आणि त्याच केबलने पडदा लॅपटॉपला वीज देतो. बोलण्यात लॅपटॉप यजमान, जेवण्यात पाहुणा. पेन ड्राईव्ह लावलेला मोबाईलही योग्य हब असेल तर त्याच वेळी चार्ज होऊ शकतो. जी गोष्ट आपण केबल तोडून आणि दोन प्लग लावून साधत होतो, ती आता नियमातच बसवली आहे.

समारोप

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यात नवे फारसे काही वाटणार नाही. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादी टक्-टक् करणारी डिस्क, मध्येच बंद पडणारा स्कॅनर किंवा बोलत नसलेला प्रिंटर असेल. त्याला टाकून देण्यापूर्वी, आणि त्यावरील मजकूर पुसण्यापूर्वी तर नक्कीच, चार प्रश्न विचारावेत. याची गरज किती? त्याला मिळते किती? वाटेत गळते किती? आणि परतीची वाट आहे का? हे चारही प्रश्न जमाखर्चाचेच आहेत. त्यांची उत्तरे मांडण्यास गुणाकार व वजाबाकी पुरते.

मामांनी त्या दुरुस्तीवाल्या मुलाला पैसे विचारले तेव्हा त्याने चहा मागितला. तीन वर्षांचा हिशेब एका चहात परत मिळाला. फॉरमॅटला होकार दिला असता, तर तो किती रुपयांत परत मिळाला असता, हे सांगणे कठीण आहे.